सोसायटीच्या पाण्यात रसायन मिसळतं कसं? या चुका टाळा

मुंबईत पालिकेच्या भांडुप केंद्रातून शुद्ध होऊन निघालेलं पाणी बहुतेक वेळा गेटपर्यंत नीट येतं. घोळ होतो तो गेटच्या आत.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाईपचं तोंड पिंपात बुडवून ठेवणं. मालाडच्या एका सोसायटीत वाळवीची ट्रीटमेंट चालू होती. पेस्ट कंट्रोलच्या मुलाने पार्किंगच्या नळाला पाईप लावला, दुसरं टोक औषधाच्या पिंपात सोडलं आणि चहाला गेला. नळ थेट पालिकेच्या लाईनवरचा. तेवढ्यात पाण्याची वेळ संपली, लाईनमधला दाब पडला आणि पिंपातलं औषध उलटं लाईनमध्ये ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं ते दुधासारखं पांढुरकं, रॉकेलच्या वासाचं. तळमजल्यावरच्या आजींनी आरडाओरडा केला, म्हणून पंप सुरू व्हायच्या आत मेन व्हॉल्व्ह बंद करता आला. वरची टाकी वाचली. खालची उपसून, घासून, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत सगळी बिल्डिंग टँकरवर होती.

पाईपचं तोंड पिंपाच्या काठाच्या चार बोटं वर हवं. मी पाईप आखूडच कापून देतो, पिंपात पोचतच नाही. ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) आहे ना’ हे मला सांगू नका. त्यात गाळ अडकला की तो नीट बसत नाही.

दुसरी चूक घाईची. टाकीला आतून वॉटरप्रूफिंग केलं की कमिटीला दुसऱ्याच दिवशी पाणी सोडायचं असतं, टँकरचे पैसे वाचवायला. कोटिंग हाताला सुकं लागलं तरी आत कच्चंच असतं आणि त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करणारं रसायन, पाण्यात उतरतं. पावसाळी हवेत तर सुकायला आणखी वेळ जातो. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होऊ द्या, मग टाकी भरून ते पहिलं पाणी न वापरता सोडून द्या. पिण्याच्या पाण्यासाठी चालेल असं डब्यावर लिहिलेलं नसेल, तर तो माल मी टाकीत उतरू देत नाही.

ब्लीचिंग पावडर अंदाजाने मूठमूठ टाकू नका. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला की पुरतं. ब्लीचिंग आणि ॲसिड तर कधीच एकत्र नको. त्यातून निघणारा क्लोरीन वायू टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव घेतो.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही.

विचित्र वास आला तर आधी पंप बंद करा, मग पालिकेच्या 1916 या हेल्पलाईनला कळवा. लाईन धुण्याआधी काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरून ठेवा, नाहीतर पाण्यात काय गेलं होतं ते लॅबलाही सांगता येत नाही.