सिबिल परत वर आणला, माझा अनुभव (चोपडा, जि. जळगाव)

चुलतभावाच्या ट्रॅक्टर लोनला मी जामीनदार होतो, एका वर्षी कापसाला भाव नाही मिळाला आणि हप्ते थकले. नंतर भाऊने व्याजासकट सगळं भरलं, पण माझ्या सिबिल रिपोर्टवर (आपण कर्ज कसं फेडलं याची नोंद) ते खातं थकीतच, त्यावरून मिळणारा स्कोर ९०० पैकी सहाशेच्या खाली आणि मला घरासाठी लोन मिळेना. जामीनदाराच्या रिपोर्टलाही ते लोन दिसतं हे गावाकडं खूप जणांना माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आधी रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुल रिपोर्ट फ्री मिळतो, आणि सिबिलच नाही तर अशीच नोंद ठेवणाऱ्या एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कंपन्या धरून चारही ठिकाणी बघा कारण चूक सगळीकडे सारखी नसते. मी फायनान्सवाल्यांकडून नो ड्यूजचा (काही बाकी नाही असा) कागद शिक्क्यासकट घेतला, मग ऑनलाइन डिस्प्युट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आरबीआयचा नियमच आहे, तक्रारीत तो लिहाच. खातं 'क्लोज्ड' झालं. कोणी कमी पैशात 'सेटलमेंट' करून देतो म्हटलं तर शक्यतो नको, 'सेटल्ड' शेरा पुढं लोन घेताना फार नडतो.

मग एफडीवर क्रेडिट कार्ड घेतलं, त्याला स्कोर चांगला लागत नाही. त्यावर फक्त पेट्रोल आणि लाइट बिल, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) नाही, पूर्ण बिल ऑटो डेबिटला. स्कोर हळूहळूच चढतो, पण आता साडेसातशेच्या वर आहे आणि होम लोनची फाइल पास झाली.