निराधारचा पगार: आधी कोणता कागद, मग कोणता

दिव्यांग, विधवा आणि अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. महिना १,५०० रुपये, आणि दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. रक्कम थोडी वाटेल, पण ज्या घरात दुसरं काहीच येत नाही तिथे किराणा आणि गोळ्या याच पैशावर चालतात. म्हणूनच पात्र माणसाचा अर्ज नुसत्या कागदाच्या घोळात अडकून राहतो तेव्हा फार वाईट वाटतं. बरेच अर्ज अपात्रतेमुळे नाही, कागद चुकीच्या क्रमाने काढल्यामुळे अडतात.

पात्रता थोडक्यात: वय ६५ पेक्षा कमी, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे, आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागू होते.

पहिलं काम: नावं जुळवा

तहसीलला जाण्याआधी आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि मुख्य दाखला (विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांगासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) एका ओळीत मांडा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहा. विधवांच्या बाबतीत हमखास दिसणारा घोळ असा: आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि मृत्यू दाखल्यावर पतीचं नाव घरात हाक मारतात ते. आधी आधार दुरुस्त करा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. मृत्यू दाखल्यातली चूक जिथे नोंद झाली त्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत सुधारून मिळते. मृत्यूची नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ जातो, म्हणून ते काम सगळ्यात आधी सुरू करा.

यूडीआयडी

स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरून जवळचं शासकीय रुग्णालय निवडायचं आणि तिथल्या वैद्यकीय मंडळाच्या दिवशी तपासणीला जायचं. सोबत उपचाराचे जुने कागद घ्या. कर्णबधिरत्वासाठी बेरा (ऐकण्याची) चाचणी आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी बहुधा वेगळ्या दिवशी असते, एकाच फेरीत काम होईल असं धरून चालू नका. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड मिळतं, ८० आणि त्यापुढे निळं. पांढरं म्हणजे ४० च्या खाली, ते इथे चालत नाही. प्लॅस्टिकचं कार्ड टपालाने यायची वाट बघू नका, डाउनलोड केलेली प्रत घेऊन पुढचं काम सुरू करा.

प्रमाणपत्र तात्पुरतं आहे का, हे नक्की वाचा. त्यावर मुदत असते. ती संपली आणि फेरतपासणी झाली नाही की अनुदान थांबू शकतं, आणि घरच्यांना ते खात्यात पैसे न आल्यावरच कळतं.

उत्पन्नाचा दाखला: इथेच खरी अडचण

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचं उत्पन्नही कागदावर सहज यापेक्षा जास्त दिसतं. ही मर्यादा आजच्या महागाईत टिकणारी नाही हे उघड आहे, पण नियम तोच आहे. त्यामुळे तलाठ्याकडे चौकशी होते तेव्हा परिस्थिती स्पष्ट सांगा: जमीन कोणाच्या नावावर, घरात कमावतं कोण, वर्षात किती दिवस काम मिळतं. सवयीने ४०,००० किंवा ५०,००० चा आकडा लिहिला जातो आणि अर्ज तिथेच बाद होतो. दाखला हातात पडताच आकडा वाचा.

सून सासऱ्यांच्या रेशन कार्डात असेल तर सासऱ्यांचंही उत्पन्न मोजलं जाण्याची शक्यता असते. ती खरोखर वेगळी राहत असेल आणि चूल वेगळी असेल, तर आधी विभक्त शिधापत्रिका काढा, मगच उत्पन्नाचा दाखला. हा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच धरला जातो. फेब्रुवारीत काढलात तर महिन्याभरात शिळा होईल. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तोच पुरावा जोडा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, कोणी स्टॅम्प पेपर आणायला लावला तर हे सांगा.

अर्ज

सेतू केंद्रातून किंवा तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत अर्ज द्या. सोबत रहिवासाचा व वयाचा पुरावा, फोटो, पासबुकची प्रत जोडा. क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मोबाइल नंबर चालू असलेला द्या, भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा दिलात तर त्रुटीचा निरोप पोचत नाही. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते आणि बैठका लांबतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पोच दाखवून विचारा. नामंजूर झाल्यास कारण लेखी मागा. मिळालं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही.

मंजूर झालं, पैसे नाहीत

अनुदान आता थेट आधारवर जमा होतं. “खातं आधारला जोडलंय” असं बँक सांगते, पण ते बहुतेक केवायसीबद्दल असतं. पैसे येण्यासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणारी संस्था) नोंदीत ते खातं असावं लागतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघा. दोन-तीन खाती असतील तर सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि ते कधीकधी कुठल्याशा शिबिरात उघडलेलं, विसरून गेलेलं खातं निघतं. हवं ते खातं पक्कं करायला त्या बँकेत संमतीचा अर्ज द्या.

बौद्धिक दिव्यांग किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ व्यक्तीचं खातं चालवायला बँक कायदेशीर पालकत्वाचा कागद मागते. तो राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. अर्जाबरोबरच तेही सुरू करा.

पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तलाठ्याला घरी यायची विनंती लेखी द्या.

जोडीला काय मिळतं

दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसीललाच करायचा, आणि मृत्यू दाखला हातात येताच. बऱ्याच विधवांना हे कोणी सांगतच नाही.

आई-वडील किंवा दोघांपैकी एक गेलेल्या मुलासाठी महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आहे: १८ वर्षांपर्यंत महिना २,२५०. हा अर्ज तहसीलला नाही, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे जातो आणि आदेश बाल कल्याण समिती देते. मृत्यू दाखले, शाळेचा बोनाफाईड आणि मुलाचा पालकासोबतचा घरासमोरचा फोटो तयार ठेवा. आईला निराधारचं अनुदान असलं तरी मुलाचा हा अर्ज करता येतो.

लाडकी बहीणचे १,५०० मात्र निराधारच्या १,५०० सोबत मिळत नाहीत. दोन्हीकडे नाव असेल तर एकीकडचं स्वतःहून कमी करा, नाहीतर वसुलीची नोटीस येऊ शकते.