इनिश ईर बेटावर जाण्याआधीची तयारी

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) आयर्लंडमध्ये शिरता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर जायचं असेल, तर त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद हवी आणि आधी ब्रिटनमध्ये उतरलेलं हवं.

इनिश ईर हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या अ‍ॅरन बेटांपैकी सगळ्यात लहान. जेमतेम तीन किलोमीटरचा पसारा, पण दोन तासांत उरकायला जाऊ नका, अख्खा दिवस ठेवा. मुख्य भूमीवरच्या डूलिन बंदरातून बोटी हंगामातच सुटतात, रोसाव्हील बंदरातून वर्षभर. अटलांटिकच्या लाटा चढल्या की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत नको. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या. बोट सुटल्यावर घेतलेली उपयोगाची नाही.

छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात ती उलटते. टोपीचं पावसाळी जाकीट, आत लोकरीचा थर आणि घोटा धरणारे बूट हवेत. बुटांबाबत तडजोड नकोच. जमीन चुनखडीच्या फरशांची आहे. दोन फरशांमध्ये खोल भेगा असतात, काही गवताने झाकलेल्या. पाय नेमका तिथेच अडकतो आणि मुरगळतो. फरशी ओली असली की गुळगुळीत होते आणि काही फरशा पाय पडताच डुगडुगतात. पाणी, खाणं आणि थोडे रोख युरो जवळ असू द्या.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या शेवटची बोट किती वाजता ते विचारून घ्या. मग जवळचा क्नोक रॅह्नी बघा. हे कांस्ययुगातलं दफनस्थान 1885 मध्ये वाळू उडून गेल्यावर उघडं पडलं. किल गोबनितचं चिमुकलं चर्च करून टेकडी चढा. वर डून फॉर्म्ना या जुन्या दगडी कोटाच्या आत ओब्रायन घराण्याचा चौदाव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या भिंतींवर चढू नका, दगड सैल आहेत.

खाली सेंट क्वीव्हानचं चर्च दफनभूमीत, जमिनीच्या पातळीखाली आहे. वाऱ्याने वाळू सारखी आत येते आणि 14 जूनच्या संतदिनाआधी गावकरी दरवर्षी ती उपसून काढतात. इथे आजही दफन होतं, तेव्हा थडग्यांमधल्या वाटेनेच चाला.

पूर्व किनाऱ्यावरचं 'प्लासी' जहाज शेवटी ठेवा. 8 मार्च 1960 ला वादळात ते खडकावर आदळलं. बेटकऱ्यांनी रॉकेटने दोर फेकून अकराही खलाशांना किनाऱ्यावर ओढून आणलं. नंतरच्या वादळाने जहाज आणखी वर फेकलं. पत्रा कुजून धारदार झालाय, आत शिरू नका. तिथून धक्क्याकडे परतताना वारा बहुधा तोंडावर असतो, म्हणून जायला लागला त्यापेक्षा वीसेक मिनिटं जास्त धरा.

वाटेत उशीर होतोय म्हणून गडग्यावरून उडी मारून शॉर्टकट घेणं हा इथला सगळ्यात मोठा अपराध. हे गडगे चुन्याशिवाय नुसते रचलेले असतात आणि फटींतून वारा जातो म्हणूनच टिकतात. एक दगड निखळला की शेजारचे चार घसरतात. पुष्कळ शेतांना फाटकच नसतं. शेतकरी गडग्याचा एक भाग काढून गुरं आत नेतो आणि दगड पुन्हा रचतो. तुम्ही पाडलेलं रचायलाही त्यालाच यावं लागतं, तेव्हा लांब पडलं तरी रस्त्यानेच या.