गोल्फचा स्विंग सुधारायचाय? आधी क्रिकेटचा हात सोडवा

नाशिकमध्ये कुणाला म्हटलं की गोल्फ क्लबवर चाललोय, तर समोरच्याला वाटतं जॉगिंगला चाललाय नाहीतर रणजीची मॅच बघायला, कारण हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अजूनही सगळे गोल्फ क्लबच म्हणतात आणि तिथे चालतं ते क्रिकेट. आपण पण त्यातलेच, लहानपणापासून हातात बॅट, आणि गोल्फची स्टिक हातात येते ती पस्तिशी-चाळिशीत. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या लोकांचा स्विंग, म्हणजे स्टिक फिरवणं, बिघडतो तो ताकद कमी पडते म्हणून नाही, क्रिकेटचा खालचा हात मध्ये येतो म्हणून. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.)

बॅटिंगमध्ये बॉल अंगावर येतो, शेवटच्या क्षणी उजव्या हाताने झोडला की मिडविकेटवरून गेला. गोल्फमध्ये बॉल शांत पडलेला असतो, त्याला घाईच नसते. तिथे वरून खाली येताना उजवा हात आणि खांदा आधी धावला की क्लब, म्हणजे स्टिक, बाहेरून आत, अंगाकडे, कापत येतो आणि बॉल हवेत उजवीकडे वळत जातो, म्हणजे स्लाइस. मग आपण काय करतो, अजून डावीकडे निशाणा धरतो, आणि स्लाइस अजून वाढतो. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबच्या तोंडावर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, ठरतं, आणि तोंड व क्लबचा मार्ग यांच्यात जेवढा फरक तेवढा बॉल वळतो. मी सुरुवातीचे कितीतरी महिने बादलीच्या बादली बॉल ड्रायव्हरने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने, मारले, तळहाताला फोड आले, स्लाइस तिथेच. फरक पडला तो गच्चीवर, बॉल न ठेवता.

पकडीपासून सुरू करा. डाव्या हाताची दोन बोटांची पेरं वरून दिसली पाहिजेत, आणि अंगठा-तर्जनीमध्ये जो इंग्रजी व्ही होतो तो दोन्ही हातांचा उजव्या खांद्याकडे झुकलेला हवा. पकड किती घट्ट? द्राक्षाचा घड काढताना देठाला धरतो ना, मण्यांवरची पांढरी झाक पुसली जाऊ नये म्हणून, पण घड खाली पण पडू नये, तेवढी. कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा झाला असेल तर तो स्विंग सुरू होण्याआधीच संपला समजा.

आता पंचा घ्या, छातीवरून आडवा, दोन्ही काखेत दाबून धरा, आणि वेज किंवा नऊ नंबरने (हे आखूड क्लब) अर्धाच स्विंग करा, घड्याळाच्या नऊपासून तीनपर्यंत. पंचा पडला म्हणजे हात अंगापासून सुटून एकटेच फिरले. पूर्ण स्विंगला पंचा सुटणारच, तिथे हा प्रयोग करायचा नाही. याच अर्ध्या स्विंगला पाय जुळवून उभे राहा, अंग जोरात फेकलं की लगेच तोल जातो, त्यामुळे घाई आपोआप पकडली जाते. मला विचाराल तर फक्त हे दोनच महिनाभर केले तरी चालेल.

बाहेरून येणारा क्लब थांबवायला द्राक्षाचा रिकामा खोका लागतो, बस. बॉलच्या पलीकडच्या बाजूला आणि थोडा मागे, म्हणजे उजवीकडे, ठेवायचा. वरून उजवा खांदा धावला की क्लब खोक्याला लागणारच. आवाज आला की थांबायचं, पुढच्या वेळी खाली येताना आधी वजन डाव्या पायावर जाऊ द्यायचं आणि हात मागून येऊ द्यायचे. सुरुवातीला अगदी सावकाश, नाहीतर खोक्याचे तुकडे होतील आणि शिकणं काहीच नाही.

नेम धरायला दोन बांबूच्या काठ्या पुरतात, नाशिकजवळ गिरणारे साइडला टोमॅटोला आधार द्यायला वापरतात तशा. एक बॉलच्या पलीकडे टार्गेटकडे, दुसरी पायाच्या टोकांपाशी तिला समांतर. नाशिकरोडला स्टेशनवर उभं राहून रूळ बघा, दोन्ही सरळ जातात पण एकमेकांना भेटत नाहीत, तसंच पाय टार्गेटच्या किंचित डावीकडे बघतात. बहुतेक जण खांदे टार्गेटवर लावतात आणि मग म्हणतात बॉल उजवीकडे का जातो.

आयर्नला, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबला, बॉल आधी लागला पाहिजे आणि जमीन नंतर. त्यासाठी गवतावर चुन्याची रेघ मारा, घरी असाल तर काथ्याच्या पायपुसणीवर खडूची, आणि बॉल नसताना क्लब रेघेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला घासतोय का बघा. रेघेच्या आधी घासला म्हणजे वजन उजव्या पायावरच राहिलं. ड्रायव्हरचं वेगळं, तिथे बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) उंच, डाव्या टाचेसमोर, आणि क्लब वर चढताना लागायला हवा, म्हणून ही रेघ ड्रायव्हरला लावू नका.

लय मात्र सगळ्यात महत्त्वाची. चांगल्या खेळाडूंचा क्लब वर जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात खाली येतो, म्हणून मनात एक-दोन-तीन म्हणत वर न्या आणि चारला मारा. हिदेकी मात्सुयामा, मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेचा 2021 चा विजेता, वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, तसं सरावात मुद्दाम थांबा. खालच्या हाताची घाई मोडायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

खरा बॉल फक्त रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या जागेवरच हं. पंचेचाळीस ग्रॅमचाच असतो पण कडक असतो, मैदानात सकाळी चालणारी म्हातारी माणसं आणि पोरं असतात. गच्चीवर फोमचा बॉल, आणि आधी डोक्यावर वायर, कपड्यांची दोरी काय आहे ते बघून घ्या. थंडीत नाशिकला सकाळी अंग आखडलेलं असतं, पाच मिनिटं कंबर-खांदे फिरवल्याशिवाय क्लबला हात लावू नका. आणि मोबाइल कंबरेच्या उंचीवर ठेवून मागून व्हिडिओ काढा, आपल्याला वाटतं एक आणि दिसतं भलतंच.

शेवटी रोज दहा वेळा क्लब उलटा धरा, क्लबच्या डोक्याच्या बाजूने, आणि हवेत फिरवा. सूं आवाज येईल. उजव्या खांद्यापाशी आवाज आला तर ताकद आधीच खर्च झाली, उजवा हात परत धावला. तो आवाज डाव्या पायासमोर येईपर्यंत फिरवत राहा, आणि सलग दहा वेळा तिथे आला की मग समोर बॉल ठेवा.