माउसचं क्लिक बिघडलंय? खोलण्याआधी या चुका टाळा

एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय, फाइल ओढताना मधेच सुटतेय, असा माउस माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी तो आधीच उचकटलेला असतो. आधी तपासा ना! दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, वायरलेस असेल तर सेल बदला, सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करा, आणि आता उजव्या बटणाने सगळं नीट चालत असेल तर डाव्या बटणाखालचा छोटा स्विच गेलाय हे नक्की.

स्क्रू बऱ्याचदा खालच्या गुळगुळीत पायांखाली नाहीतर स्टिकरखाली लपलेले असतात. नख फिरवलं की खड्डा लागतो. जोर लावून कव्हर ओढू नका, आतली पट्टीवायर तुटते.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती गंज काढायचा स्प्रे आत मारणाऱ्यांची. स्विचमध्ये एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते, तिच्या टोकाच्या कॉन्टॅक्टवर काळपट थर चढला किंवा ती झिजली की एका दाबात जोडणी जुळते-सुटते-जुळते आणि कॉम्प्युटरला दोन क्लिक दिसतात. त्यात तेलकट स्प्रे गेला की धूळ चिकटते, सेन्सरच्या लेन्सवर उडाला तर कर्सरही नाचायला लागतो. मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेच्या जोडण्या साफ करायच्या, वाळून जाणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब स्विचच्या छोट्या बटणाच्या कडेला सोडतो, वीस-तीस वेळा दाबतो आणि पूर्ण वाळू देतो. पण हा तात्पुरता उपाय आहे, खरा इलाज नवा स्विचच.

स्विच उघडून पट्टी वाकवायच्या फंदात नवशिक्यांनी पडूच नये, ताण बिघडतो आणि ते इवलंसं बटण उडालं की सापडत नाही.

आता स्विच काढताना होणारी चूक. माझ्या एका मित्राने घाईत स्विचचा एक पाय (बोर्डाला सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या धातूने, जोडलेली पिन) गरम केला आणि खालून स्क्रू ड्रायव्हर घालून स्विच उपटला, त्याबरोबर बोर्डावरचं तांब्याचं पॅडही निघून आलं. मग मी बोर्डावरची तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, शोधत शोधत, वरचा रंग खरवडून, केसासारखी वायर जोडत बसलो, दहा मिनिटांच्या कामाला अख्खी संध्याकाळ गेली. अहो, पाय तीनच आहेत आणि एका ओळीत आहेत! तिन्हींवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा पदार्थ) आणि ताजं सोल्डर भरपूर लावा, साधारण ३५० डिग्री सेल्सियसवर तिन्ही एकदम वितळले की स्विच आपोआप घसरून येतो. येत नसेल तर अजून गरम करा, ओढू नका.

बऱ्याच माउसमध्ये ओमरॉन कंपनीचा डी२एफसी-एफ-७एन (D2FC-F-7N) स्विच असतो, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या. जुन्या बंद माउसचा उजवा स्विचही चालतो, तो कमी वापरलेला असतो. काढायच्या आधी फोटो काढा, कारण स्विचवरचं दाबायचं बटण मधोमध नसतं, स्विच उलटा बसला की क्लिकच होत नाही. मी डावा-उजवा दोन्ही एकदम बदलतो, दोन्हीचा खटका सारखा लागतो. आणि वायरलेस माउसची बॅटरी सोल्डरिंगच्या आधी काढून ठेवा.