ॲम्पला स्पीकर जोडताना ओहमचं गणित

ॲम्पच्या मागे ४, ८, १६ असे ओहमचे आकडे असतात, कॅबिनेटच्या म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या मागेही असतात. दोन्हीकडचा आकडा जुळला की झालं, एवढंच बहुतेक वादकांना कुणीतरी सांगितलेलं असतं. चूक नाही, पण अपुरं आहे. ॲम्प ट्यूबचा आहे की ट्रान्झिस्टरचा, हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नसतो. आणि कॅबिनेटवरचा आकडा खरा आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. कुणी मागे स्पीकर बदललेला असतो, कुणी वायरिंग बदललेलं असतं, पण लेबल कुणी बदललेलं नसतं. म्हणून दुरुस्तीला ॲम्प आला की मी कॅबिनेट आणि मधली केबलही मागून घेतो.

ट्रान्झिस्टरचा विषय लवकर संपतो. बेस गिटारचे हलके क्लास-डी हेडही (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) यातच धरा. मागे ‘मिनिमम ४ ओहम’ लिहिलं असेल तर ४च्या खाली उतरायचं नाही, वर कितीही गेलात तरी चालतं. ४ ओहमला १०० वॉट देणारा ॲम्प ८ ओहमला साधारण ५५ ते ६५ वॉट देईल. त्याने आवाज निम्मा होत नाही. फरक २-३ डेसिबलचा असतो, ड्रमर जोरात असेल तेव्हाच तो जाणवतो. स्पीकर न जोडता ॲम्प चालू राहिला तरी सहसा काही बिघडत नाही. शॉर्ट मात्र टाळा. दोन चॅनल ब्रिज करणार असाल, म्हणजे दोन्ही मिळून एकच स्पीकर चालवणार असाल, तर किमान ओहम दुप्पट धरायचे: एका चॅनलला ४ चालत असतील तर ब्रिजला ८.

ट्यूब ॲम्पची तऱ्हा वेगळी, कारण ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. ट्यूबला समोर हजारो ओहम लागतात, स्पीकर असतो ८चा. ट्रान्सफॉर्मर इथे सायकलच्या गिअरचं काम करतो. ईएल३४ या पॉवर ट्यूबची जोडी असलेल्या ५० वॉटच्या ॲम्पमध्ये एका ट्यूबच्या प्लेटपासून (आउटपुटच्या टोकापासून) दुसरीच्या प्लेटपर्यंत साधारण ३४०० ओहम धरलेले असतात. ३४०० भागिले ८ म्हणजे ४२५, त्याचं वर्गमूळ सुमारे २०.६, तेवढं वेढ्यांचं गुणोत्तर. आता ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे ओहम नसतात, तो फक्त गुणाकार करतो. ८च्या टॅपवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमसाठी काढलेल्या टोकावर, १६चा स्पीकर लावलात तर ट्यूबला ६८०० दिसतात, ४चा लावलात तर १७००. टॅप किंवा सिलेक्टर दिलेला असतो तो यासाठीच: कुठलाही स्पीकर लावा, ट्यूबला ३४००च दिसले पाहिजेत.

ओहम जास्त झाले की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचं, म्हणजे ट्यूबकडच्या वेढ्यांवरचं, व्होल्टेज वाढतं. स्पीकर अजिबातच नसेल आणि कुणी जोरात वाजवत असेल तर ते इतकं चढतं की ठिणगी पडते. अशा ॲम्पच्या पॉवर ट्यूबच्या सॉकेटवर ३ नंबरच्या पिनपासून, म्हणजे प्लेटपासून, शेजारच्या २ नंबरच्या हीटर पिनकडे गेलेली बारीक काळी रेघ सापडते. तो कार्बन असतो, वीज वाहून नेतो, आणि स्पिरिटने घासून पूर्ण जात नाही. सॉकेटच बदलावा लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटलं असेल तर ते बाहेरून दिसतही नाही. म्हणून ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालू करायचा नाही, आणि चालू असताना स्पीकरची केबल काढायची नाही.

ओहम कमी झाले तर भार ट्यूबवर पडतो: करंट जास्त, उष्णता जास्त, ट्यूब लवकर झिजतात. नाइलाजाने एका पायरीचा फरक ठेवावाच लागला, तर मी १६च्या टॅपला ८चं कॅबिनेट लावीन. ८च्या टॅपला १६चं नाही. ट्यूब काढून दुसरी बसवता येते, जळालेला ट्रान्सफॉर्मर म्हणजे मोठं काम. याबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत दुमत आहे, पण दोन पायऱ्यांचा फरक, म्हणजे १६ला ४, नको यावर फारसं दुमत नाही. मॅन्युअलमध्ये चालत नाही म्हटलं असेल तर एका पायरीचाही हट्ट धरू नका.

आता मोजणं. बाहेरच्या लेबलवर विश्वास न ठेवता स्पीकर केबल कॅबिनेटमध्ये घाला आणि दुसरं टोक मोकळं ठेवा. मल्टिमीटर २०० ओहमवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ०.३ किंवा ०.५ असं काहीतरी दिसेल, ते प्रोबच्या वायरींचं, नंतर वजा करा. मग एक प्रोब प्लगच्या टोकाला, दुसरा दांड्याला. असं मोजलं की केबलही आपोआप तपासली जाते. ८ ओहमचं कॅबिनेट ६ ते ७ दाखवेल, १६चं ११ ते १३.५, ४चं ३ ते ३.५. मीटर कमी दाखवतो कारण तो डीसीवर स्पीकरच्या आतल्या कॉइलच्या तारेचा नुसता रोध मोजतो. खरा इम्पीडन्स, म्हणजे वाजताना ॲम्पला जाणवणारा रोध, स्वराप्रमाणे बदलतो: १२ इंची गिटार स्पीकर साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे तो स्वतः घुमतो, तिथे कित्येक दहा ओहमपर्यंत चढतो, काहीशे हर्ट्झला तळ गाठतो आणि वर पुन्हा चढत जातो. कॅबिनेटवर छापलेला आकडा त्या तळाच्या जवळपासचा असतो.

प्रोब लावलेले असतानाच जाळीमागे हात पोहोचत असेल तर स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) मध्यभागी चार बोटांनी अलगद दाबा. आकडा डोलायला लागला तर कॉइल जिवंत आहे, कारण हलणारी कॉइल स्वतःच थोडी वीज तयार करते. कोन स्थिर झाला की मगच आकडा वाचा. दाबताना घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या गॅपमध्ये घासते आहे. तो स्पीकर आज चालला तरी फार काळ चालायचा नाही.

चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये मीटर खरी गंमत दाखवतो. चारही १६चे असतील, एकूण १६ असेल, तर मीटरवर १२-१३ यायला हवेत. चारपैकी एकाचा सोल्डरचा डाग सुटला तर वाजवताना पटकन कळत नाही, तीन किंवा दोन स्पीकर वाजतच राहतात. मीटरवर मात्र १९ किंवा २५ येतात. दोन-दोनच्या पॅरलल जोड्या सिरीजमध्ये असतील तर १९च्या आसपास. दोन-दोन सिरीज करून मग पॅरलल केले असतील तर पंचवीस, कारण सुटलेल्या स्पीकरबरोबर त्याचा जोडीदारही गेला. म्हणजे ट्यूबच्या दृष्टीने तुम्ही १६च्या टॅपवर ३२चं कॅबिनेट लावून बसला आहात, आणि मागे लेबल सांगतंय १६. मोनो-स्टिरिओ स्विच असलेली कॅबिनेट स्विचच्या प्रत्येक स्थितीत वेगळी मोजा. मार्शलच्या ‘१९६०’ या मॉडेलच्या कॅबिनेटवर मोनोला ४ किंवा १६, आणि स्टिरिओला दोन्ही बाजूंना ८-८. स्टिरिओवर ठेवून एकच प्लग लावला तर दोनच स्पीकर वाजतात.

दोन कॅबिनेट लावायची असतील तर ॲम्पवरचे दोन जॅक बहुधा आत पॅरलल असतात, कॅबिनेटवरचा लिंक जॅकही तसाच. दोन ८ची म्हणजे ४, दोन १६ची म्हणजे ८. वेगवेगळी असतील तर गुणाकार भागिले बेरीज: ८ आणि १६ म्हणजे १२८ भागिले २४, ५.३३. सिलेक्टर ४वर. इथे बरेच जण फक्त ओहम जुळवतात आणि वॉट विसरतात. पॅरललमध्ये दोघांना व्होल्टेज तेच मिळतं, त्यामुळे ८चं कॅबिनेट १६च्या दुप्पट वॉट ओढतं. ५० वॉटच्या ॲम्पमधले ३३ एकट्या ८ला जातील. त्यात ३० वॉटचा एकच स्पीकर असेल तर तो जास्त दिवस टिकणार नाही. शिवाय ट्यूब ॲम्पचे छापील वॉट स्वच्छ आवाजाचे असतात. पूर्ण फाटलेल्या आवाजात तो दीडपटीच्या आसपासही जातो. कॅबिनेटची क्षमता तो हिशोब धरून ठेवा.

फेंडरच्या बऱ्याच कॉम्बोंबद्दल (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) एक सांगायला हवं. ट्विन रिव्हर्बमध्ये ८चे दोन स्पीकर पॅरलल, म्हणून ४. सुपर रिव्हर्बमध्ये ८चे चार, म्हणून २. डिलक्स रिव्हर्बमध्ये एकच ८चा. यांच्या मुख्य जॅकमध्ये प्लग नसेल तर तो जॅक आपोआप शॉर्ट होतो. ट्यूबच्या दृष्टीने उघड्यापेक्षा हे बरं, म्हणून तसं केलंय. पण बाहेरचं कॅबिनेट फक्त एक्स्टेन्शनच्या (जादा स्पीकरच्या) जॅकला लावलंत तर आवाज येणार नाही. अशा वेळी व्हॉल्यूम चढवत बसू नका. मुख्य जॅकला लावा.

केबलची चूक सर्रास होते. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल बाहेरून सारखीच दिसते. प्लगचं कव्हर फिरवून आत बघा: सारख्या जाडीच्या दोन वायरी असतील तर स्पीकरची, मध्ये एक बारीक तार आणि भोवती जाळी असेल तर गिटारची, ती इथे वापरायची नाही. स्पीकरची केबल दीड चौरस मिलिमीटरची आणि जमेल तितकी आखूड. न उघडणारा मोल्डेड प्लग असेल आणि केबलवर काही छापलेलं नसेल, तर ती केबल मी बाजूला ठेवतो.

दोन कॅबिनेट एकत्र वाजवण्याआधी दोन्हींची दिशा तपासा. केबल ॲम्पपासून काढून १.५ व्होल्टच्या सेलचा प्लस क्षणभर टोकाला, मायनस दांड्याला. दोन्हींचे कोन बाहेर यायला हवेत. एकाचा आत गेला तर दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतील. त्या कॅबिनेटच्या जॅकवरच्या दोन वायरी उलट करा. ओहम बदलत नाहीत, मोजलेला आकडा तसाच राहतो.