सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमध्ये एमटेक करताय? या चुका टाळा

मुंबईत एमटेकला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचा कोडिंगचा हात चांगला बसलेला असतो. बीईची चार वर्षं, एखादी इंटर्नशिप, काहींची दोन-तीन वर्षांची नोकरी झालेली असते. तरीही दुसऱ्या वर्षी, डिझर्टेशनच्या, म्हणजे संशोधन प्रबंधाच्या, पहिल्या टप्प्यावर, तीच मुलं अडकतात. बीईचाच प्रोजेक्ट जरा मोठा करून त्यांनी करायला घेतलेला असतो आणि समोर बसलेले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतात, 'तुमची पद्धत चांगली आहे हे कशावरून?' या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देता यावं यासाठीच ही दोन वर्षं आहेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या प्रश्नाचा विचार फार उशिरा केल्यामुळे होतात.

प्रवेशाच्या वेळी

गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, पण प्रवेशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. आयआयटींच्या ऑफर सीओएपी पोर्टलवर येतात, आणि त्याआधी प्रत्येक आयआयटीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एनआयटींचे प्रवेश सीसीएमटी या केंद्रीय समुपदेशनातून होतात. राज्यातल्या कॉलेजांची कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, राज्याचा सीईटी सेल घेतो. एकीकडे फॉर्म भरला की दुसरीकडे आपोआप नाव जातं, असा समज करून घेऊन वर्ष घालवणारे दरवर्षी भेटतात. आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांनी जात वैधता आणि नॉन क्रीमीलेअर ही प्रमाणपत्रं कॅप सुरू होण्याआधीच हातात ठेवावीत.

आता पैशांचं. गेट पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्याला एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती २४ महिन्यांपर्यंत मिळते. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडं, मेस आणि लोकलचा पास भागत नाही. म्हणून काही जण पूर्णवेळ प्रवेश घेऊन नोकरी गुपचूप चालू ठेवतात. हे करू नका. शिष्यवृत्ती धोक्यात येते, हजेरी कमी पडते, आणि डिझर्टेशनला जे सलग तास लागतात ते कधीच मिळत नाहीत. नोकरी सोडणं शक्य नसेल तर बिट्स पिलानीच्या डब्ल्यूआयएलपीसारखा, नोकरदारांसाठीच आखलेला अभ्यासक्रम निवडा. तिथे आपल्या कंपनीतल्या कामाशी जोडलेला विषय घेता येतो, हा मोठा फायदा.

आयआयटी मुंबईत टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून घेतलेलं एमटेक दोन वर्षांचं असतं, आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून घेतलेलं तीन वर्षांचं. 'एक वर्ष जास्त जातं' एवढ्याच कारणासाठी आरए नाकारणं मला पटत नाही. ज्याला पुढे पीएचडी करायची आहे किंवा रिसर्च लॅबमध्ये जायचं आहे, त्याला ते तिसरं वर्ष फार उपयोगी पडतं.

विषय एवढा मोठा की मोजताच येत नाही

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे विषयाच्या प्रस्तावात, हमखास दिसणारं शीर्षक असं असतं: 'एआयच्या मदतीने सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सुधारणा'. वाचायला भारदस्त वाटतं. पण कुठलं सॉफ्टवेअर, कुठली टेस्टिंग, आणि सुधारणा म्हणजे नेमकं काय वाढलं किंवा घटलं? यातलं काहीच ठरलेलं नसतं. गाइडही पहिल्या भेटीत 'बरं, वाचन सुरू करा' म्हणतात आणि चार महिने वाचनातच जातात.

हाच विषय खाली उतरवून बघू. टेस्टिंगमध्ये फ्लेकी टेस्टचा त्रास सगळ्यांच्या परिचयाचा आहे: कोडची एक ओळ बदललेली नसते, तरी टेस्ट कधी पास होते, कधी फेल. याची बरीच कारणं आहेत, त्यांतलं एकच घ्या, टेस्टचा क्रम. भाषा एकच घ्या, पायथन. मग प्रश्न असा उभा राहतो: निवडलेल्या ओपन सोर्स प्रकल्पांत टेस्टचा क्रम बदलून चालवला तर किती टेस्टचा निकाल बदलतो, आणि ज्यांचा बदलतो त्यांच्यात सामाईक काय असतं, ग्लोबल व्हेरिएबल, मागे राहिलेली तात्पुरती फाइल, की डेटाबेसमधली न पुसलेली नोंद? पायटेस्ट या पायथनच्या टेस्टिंग साधनाला क्रम बदलून टेस्ट चालवणारे प्लगइन आहेत, त्यामुळे पहिले आकडे आठवड्याभरात हातात येतात. प्रकल्प कुठल्या निकषावर निवडले, टेस्ट किती वेळा चालवल्या, रँडम सीड (तोच क्रम पुन्हा काढून देणारा आकडा) कोणता होता, हे सगळं लिहून ठेवता येतं. असा विषय शीर्षकात लहान दिसतो, पण व्हायवाला तो भक्कम उभा राहतो.

विषय आधीच मंजूर झाला असेल आणि तो फारच पसरट असेल, तर शीर्षक बदलण्यासाठी अर्जांच्या मागे लागण्याची गरज सहसा पडत नाही. शीर्षक तेच राहू द्या. दुसऱ्या प्रकरणात संशोधनाचे प्रश्न दोन किंवा तीनच लिहा आणि व्याप्ती तिथे बांधून घ्या. गाइडना हे एका पानावर लिहून दाखवा. तोंडी चर्चा पुढच्या भेटीपर्यंत दोघांच्याही लक्षात राहत नाही.

डेटा मिळाला म्हणजे काम झालं असं समजणं

डिफेक्ट प्रेडिक्शन, म्हणजे कोडच्या कुठल्या भागात दोष असेल याचं भाकीत, हा आपल्याकडचा लाडका विषय. नासाचे जुने डेटासेट, जेएमवन, केसीवन वगैरे, नेटवर सहज मिळतात. त्यावर पाच-सहा अल्गोरिदम चालवले, अचूकतेचा तक्ता काढला, रँडम फॉरेस्ट जिंकला, झालं काम! इथेच घोडं पेंड खातं. या डेटासेटमध्ये एकसारख्या ओळी पुन्हापुन्हा आलेल्या आहेत, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. रँडम विभागणी केली की तीच ओळ ट्रेनिंगमध्येही जाते आणि टेस्टमध्येही. मॉडेलने जे पाठ केलं तेच आपण त्याला परीक्षेत विचारतो. शिवाय दोषी मॉड्यूल थोडी आणि निर्दोष पुष्कळ असतील, तर सगळ्यांना 'निर्दोष' म्हणणारं मॉडेलही अचूकतेत चांगले गुण मिळवतं. त्यामुळे आधी दुहेरी ओळी काढा, आणि प्रिसिजन (दोषी म्हटलेल्यांपैकी खरोखर दोषी किती), रिकॉल (खऱ्या दोषींपैकी सापडले किती), एमसीसी (दोन्ही गटांचा एकत्र विचार करणारा गुणांक) हे आकडे द्या.

गिटहबवरून स्वतः कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) गोळा करणाऱ्यांची वेगळी चूक होते. सगळे कमिट एकत्र मिसळून दहा भाग पाडले, की मॉडेल २०२३चे कमिट पाहून २०२१च्या बगचं भाकीत करू लागतं. प्रत्यक्षात भविष्य कुणालाच आधी दिसत नसतं. विभागणी तारखेच्या क्रमाने करा. निकालाचा आकडा खाली येईल. येऊ द्या, तोच खरा आकडा आहे.

आता एक बारीक गोष्ट, जी मुंबईत बसून काम करणाऱ्याला हमखास छळते. डिफेक्ट्सफोरजे हा जावामधल्या खऱ्या बगचा संग्रह २०१४ साली आला; सुरुवातीला त्यात पाच प्रकल्पांतले ३५७ बग होते. प्रोग्रॅम दुरुस्तीवर काम करणारे जवळपास सगळे तो वापरतात. त्यातल्या टेस्ट लॉस एंजेलिसच्या टाइमझोनमध्ये चालतील असं गृहीत धरलेलं आहे. त्याच्या स्वतःच्या कमांड वापरल्या तर ते आपोआप सांभाळलं जातं. पण कोड बाहेर काढून थेट मेव्हन किंवा आयडीईतून टेस्ट चालवली, आणि लॅपटॉप भारतीय वेळेवर असला, तर तारीख-वेळेशी संबंधित टेस्ट उगाचच फेल होऊ शकतात. मुलं मग आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. उपाय साधा: टीझेड (TZ) हे व्हेरिएबल 'America/Los_Angeles' असं सेट करा, आणि दस्तऐवजात जावाची जी आवृत्ती सांगितली आहे तीच डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या, बंदिस्त वातावरणात चालवणारं साधन) बसवा. कुठलंही साधन चालत नसेल तेव्हा आधी आवृत्ती, टाइमझोन आणि फाइलचे पाथ तपासा, मग अल्गोरिदमकडे वळा.

लँग्वेज मॉडेल वापरून बग दुरुस्त करण्याचा विषय सध्या जोरात आहे. त्यात हाच संग्रह परीक्षेसाठी घेतला तर एक प्रश्न येणारच: इतकी वर्षं जाहीर असलेली उत्तरं मॉडेलने ट्रेनिंगमध्येच पाहिली असतील तर? याचं उत्तर आधी तयार ठेवा. मॉडेलच्या ट्रेनिंगच्या तारखेनंतरचे बग वेगळे गोळा करून तुलना करणं हा चांगला मार्ग आहे. मॉडेलचं नेमकं व्हर्जन, टेंपरेचर (उत्तरं किती बदलती असावीत हे ठरवणारा आकडा) आणि वापरल्याची तारीख नोंदवा. तेच मॉडेल सहा महिन्यांनी तेच उत्तर देईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक उत्तर जसंच्या तसं साठवून ठेवा.

मूळ लेख न वाचता हवाला देणं

'वॉटरफॉल मॉडेल विन्स्टन रॉयसने १९७० साली सुचवलं' हे वाक्य कितीतरी रिपोर्टांत असतं. रॉयसचा मूळ लेख लहानच आहे. त्यात 'वॉटरफॉल' हा शब्द नाही, आणि एकामागून एक टप्पे उतरत जाण्याची ती आकृती दिल्यानंतर लगेच तो सांगतो की हे असं राबवणं जोखमीचं आहे. पुढचा सगळा लेख ती जोखीम कशी कमी करायची यावर आहे. ज्याने तो वाचला आहे त्याला ऐकताना लगेच कळतं की समोरच्याने वाचलेला नाही.

दुसरं उदाहरण कोकोमोचं, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणाऱ्या श्रमाचा आणि खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचं. बॅरी बोहम यांनी १९८१ साली मांडलेल्या या मॉडेलमधले आकडे ६३ प्रकल्पांवरून काढलेले होते, तेही त्या काळच्या भाषा आणि यंत्रांवरचे. चार जणांच्या आपल्या वेब ॲपच्या ओळी मोजून त्या सूत्रात घालायच्या आणि 'एकूण खर्च' म्हणून छापायचं, याने रिपोर्टची पानं वाढतात, ज्ञान वाढत नाही. सूत्र वापरायचंच असेल तर ते आपल्या कामाला का लागू पडतं हे लिहा. ते लिहिता येत नसेल, तर प्रकरण काढून टाका.

चोरी लपवण्याचे मार्ग

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करायला बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. या भीतीने काही जण शब्द बदलून देणारी ॲप वापरतात. त्यातून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होतं. असे शब्दप्रयोग शोधून काढणारे संशोधक आता आहेत आणि जर्नलांनी त्यावरून लेख मागेही घेतले आहेत. त्यापेक्षा सोपं म्हणजे लेख वाचा, बाजूला ठेवा, आणि आपल्याला काय समजलं ते चार वाक्यांत लिहा. हवाला द्या. साम्य आपोआप कमी राहतं.

पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी २०२५ साली बंद केली, त्यामुळे जर्नल पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि गाइडवर अधिक आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, ती आपल्या क्षेत्रातली आहेत का, मागच्या अंकातला एखादा पेपर वाचण्यासारखा आहे का, हे तासाभरात कळतं.

मुंबईचं वेळापत्रक लक्षात न घेणं

कल्याण, विरार, पनवेलहून रोज येणाऱ्यांनी प्रवासात कोड लिहिण्याचा बेत आखू नये. चौथ्या सीटवर टेकून लॅपटॉप उघडता येत नाही, आणि गर्दीत उभं राहून तर मुळीच नाही. मोबाइलवर एका पेपरचा फक्त सारांश आणि निष्कर्ष वाचणं मात्र जमतं. पूर्ण वाचायचा की सोडायचा, एवढा निर्णय प्रवासात घ्या.

पहिलं सत्र ऐन पावसात सुरू होतं. किंग्ज सर्कलला पाणी भरलं, हार्बर थांबली, की लॅबमध्ये पोचता येत नाही. रात्रभर चालणारा प्रयोग लॅबच्या मशिनवर लावला असेल आणि मध्येच वीज गेली तर? दर टप्प्यानंतर निकाल फाइलमध्ये लिहिला जाईल आणि तिथूनच पुढे सुरू करता येईल, असा स्क्रिप्ट सुरुवातीपासून लिहा. दिवसाअखेर गिटवर पुश करा. त्यातच गणपती, नवरात्र आणि दिवाळी लागून येतात. गाइड गावाला जातात, लॅब बंद असते. ऑगस्टमध्येच त्यांच्याकडून तारखा लिहून घ्या.

निकाल 'नाही' आला तर

आपली पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा चांगली ठरली नाही की मुलं घाबरतात, आणि मग आकडे जुळेपर्यंत पॅरामीटर फिरवत बसतात. तसं करू नका. पद्धत नीट होती, तुलना समान अटींवर होती, तर 'फरक पडला नाही' हाही निष्कर्ष आहे. तो का पडला नाही याचं एक नीट प्रकरण लिहा. फेल झालेली दहा-वीस उदाहरणं हाताने उघडून बघा, प्रत्येकाचं कारण तक्त्यात मांडा. एक्स्टर्नलना हे प्रकरण बहुधा सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते नेटवरून उचलता येत नाही.

सबमिशनच्या दोन आठवडे आधी आपली रिपॉझिटरी दुसऱ्या विभागातल्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. शेजारी बसू नका, फोनवर सांगू नका. नुसत्या रीडमीवरून मुख्य तक्त्यातले आकडे त्यांना काढता येतात का ते बघू द्या. तुमच्याच लॅपटॉपचा पाथ कोडमध्ये राहिलेला असतो, एखाद्या लायब्ररीची आवृत्ती लिहायची राहते, मोठी डेटा फाइल अपलोडच झालेली नसते. ते जिथे अडकतील ते दुरुस्त करा, आणि मगच ब्लॅक बुक, म्हणजे प्रबंधाची छापील प्रत, बायंडिंगला टाका.